शफकची तेरा मिनिटं

"डाव्या अंगानं जा. समोरून जाऊ नकोस, त्याला वाटतं आपल्याला अडवायला आलेत. आणि बोलत राहा. काय बोलतेस ते त्याला कळत नाही, पण बोलायची थांबलीस की लगेच कळतं."

बाबांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती. एकेक वाक्य ते खोल विहिरीतून पोहरा काढावा तसं वर आणत होते. खाटेशी बसून जपमाळ फिरवणाऱ्या शादलियाला वाटलं, तापात ते आपल्याला पागेतला कोणी मोतद्दार समजताहेत. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात तिनं घोड्याचा दोर कधी हातात धरला नव्हता. हाज तिजानींच्या, म्हणजे बाबांच्या, घरातल्या बायका पागेचं अंगण झाडत, जव भिजत घालत, जॉकींचे हिरवे-पांढरे रेशमी अंगरखे हातानं धूत. दोर मात्र पुरुषांचा.

"बाबा, मी शादलिया."

"मग मी कोणाशी बोलतोय?" बाबा चिडले. मरणाच्या दारातही त्यांचा राग नाकावरच होता. त्यांच्या शफक घोड्यानं तो त्यांच्याकडूनच घेतला असं सगळं मनूबा गाव म्हणे. "हसूनाला सांगून ठेवलंय. सिदी थाबेतला त्याची जैतुनाची बाग आहे, आत भिंतीनं वेढलेली जागा आहे. शफकचं धावणं संपलं की त्याला तिकडे पोहोचव. गाडीत घालू देऊ नकोस कोणाला. चालत ने."

"मोख्तारला सांगते."

"मोख्तार चालतो चांगला. पण बोलत नाही." बाबांनी डोळे मिटले. "माझा चाळिसावा होईपर्यंत हा विषय काढू नकोस. घरात मौत झाली की माणसं हट्टानं बोलतात. त्यानंतर. नेशील?"

"नेईन."

आज बाबांचा चाळिसावा दिवस होता.

पहाटेची नमाज आटोपून ती अंगणात आली तेव्हा शफक नेहमीसारखा दाराकडे पाठ करून उभा होता. एक कान मात्र तिच्याकडे. तेरा वर्षं या घोड्यानं तिला एवढंच दिलं होतं, एक कान. तिनं अधिक मागितलंही नव्हतं. रोज मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजनंतर ती त्याच्या ठाणासमोरच्या दगडी बाकावर बसे आणि आपला नेम पुरा करी: शंभर वेळा क्षमायाचना, शंभर वेळा प्रेषितांवर दरूद, शंभर वेळा अल्लाचं नाव. पाऊस असो, ताप असो, घरात पाहुणे असोत. शफक जन्मला त्या संध्याकाळी धरलेला नेम तिनं एकही दिवस मोडला नव्हता. का धरला हे तिला कोणी विचारलं नाही. घरात सगळ्यांना वाटे की ते आपल्याला माहीत आहे.

एकशे बारा शर्यती. एकोणीस विजय, त्यांतला एकही मोठा नाही. रविवारच्या पाचव्या-सहाव्या शर्यतीत, उन्हं कलल्यावर, जेव्हा चांगले घोडे घरी गेलेले असतात, तेव्हा कस्सार सईदच्या मैदानावर लोक त्याच्यासाठी थांबत. तो गेटमध्ये सगळ्यांच्या शेवटी शिरे, आधी नाहीच. उजवीकडून कोणी पुढं गेला की रुसे. छत्री दिसली की उभा राही. एकदा तर पाहणीच्या रिंगणात सरळ बसून घेतलं होतं. गाडीत तो आयुष्यात चढला नाही, म्हणून बाबा दर रविवारी त्याला गावातून चालवत नेत, दोन किलोमीटर जाताना, दोन येताना. चहाच्या दुकानातले लोक ओरडत, "शफककाका, आज मूड कसा आहे?" आणि घोड्याऐवजी बाबा उत्तर देत, "तुझ्यापेक्षा बरा."

बाबा गेल्यावर तिसऱ्या रविवारी तिच्या भावानं, मोख्तारनं, त्याला एकशे बाराव्या शर्यतीला नेलं. गेट उघडलं. दहा घोडे निघाले. शफक जागचा हलला नाही.

*

स्वयंपाकघरात कुसकुसच्या हंडीची वाफ छतापर्यंत गेली होती. मोख्तारची बायको रफिका मटणाच्या रश्श्यात मीठ पाहत होती आणि तिची मुलगी इनेस गाजरं सोलत होती. पोरगी जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती, पण गाजर सोलताना अर्धं सालीत घालवी.

"लल्ला," रफिका नणंदेला नेहमीच्या मानाच्या हाकेनं, वळून न पाहता म्हणाली, "तुम्हाला सांगायचं होतं. उद्या नऊला गाडी येतेय."

"कसली?"

"शफकची. हमामेतचा कोणी माणूस आहे, समुद्रावर पाहुण्यांना घोड्यावर फिरवतो. तुमच्या भावानं परस्पर ठरवलं. गेल्या तीन दिवसांत माझ्याशी तीन वाक्यं बोललाय तो. एक, चहात साखर कमी आहे. दोन, कुसकुस पन्नास माणसांचं कर. तीन, गाडी येतेय."

शादलियाच्या हातातलं चण्यांचं भांडं ओट्यावर टेकलं. "तो गाडीत चढत नाही."

"गुंगीची सुई देऊन चढवणार," इनेस म्हणाली. "पप्पा मला म्हणाले, तू दे. मी म्हटलं, मी परीक्षेत नापास होईन पण हे करणार नाही. मग कोणा कंपाउंडरला बोलावलंय."

"ठाण रिकामं हवंय त्याला," रफिका म्हणाली. "भागीदाराची दोन शिंगरं येताहेत. आणि परवा एक तारीख. कागदावर शफक चौदाचा होणार. चौदाच्या घोड्याला कोण धावू देतो?"

इतक्यात लमीन आत आला आणि हंडीच्या कडेनं दोन चणे उचलून तोंडात टाकले. सर्वांत धाकटा भाऊ लमीन वीस वर्षं मार्सेलला होता. वर्षातून एकदा येई, सगळ्यांना मिठ्या मारी, सगळं पूर्वीसारखंच असावं असा आग्रह धरी आणि सुट्टी संपली की जाई.

"काय ऐकतोय मी? शफकला विकलं? बाबांचा शफक?" त्याचे डोळे खरोखर भरून आले. "शादलिया, तुला हवाय का तो?"

"मला तो हसूनाकडे न्यायचाय. बाबांना शब्द दिलाय मी."

"मग संपलं. माझा वाटा तुझा. मोख्तारसमोर सांगेन मी, बघ तू."

त्यानं तिच्या डोक्यावर ओठ टेकवले. त्याच्या अंगाला परक्या साबणाचा वास होता. रफिकानं डावानं हंडीच्या काठावर एक ठोका दिला, उगाचच.

*

कुराणपठण झालं, जेवणं झाली, शेजारीपाजारी हात धुऊन, दुवा देऊन गेले. खोलीत उरली घरची पाच माणसं आणि चिलगोजे घातलेल्या चहाचे पेले. बाबांची गादी भिंतीशी तशीच होती. तिच्यावर कोणी बसलं नव्हतं आणि तिच्याकडे कोणी पाहतही नव्हतं.

शादलियाला बोलायची सवय नव्हती. तिनं पेला खाली ठेवला आणि सरळच सांगितलं, "मोख्तार, उद्याची गाडी नको. शफकला मी नेणार आहे. सिदी थाबेतला, हसूनाकडे. बाबांनी सांगितलंय."

"कधी?"

"दवाखान्यात. चालत ने म्हणाले."

"चालत." मोख्तार तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण केस तिच्याआधी पिकलेले. "अठरा किलोमीटर आहे. तू सय्यिदा मनूबियाच्या दर्ग्यापर्यंत जाताना वाटेत दोनदा बसतेस."

"तिसऱ्यांदा बसेन."

"त्या माणसाला मी शब्द दिलाय. आणि वाईट काय आहे तिथं? वाळू मिळेल, समुद्र मिळेल."

"चावायला पाहुण्यांची बोटं पण मिळतील," इनेस म्हणाली.

लमीन हसला. खोलीतला ताण त्याला सोसत नसे. लहानपणापासून तो अशा वेळी काहीतरी गमतीचं बोले. "हे बघा, हिशोब सोपा आहे. शरियतप्रमाणे पाच वाटे. दोन मोख्तारचे, दोन माझे, एक शादलियाचा. घोड्याला पाय चार. म्हणजे शादलियाच्या वाट्याला शेपूट."

"मग शेपूट धरून नेते," शादलिया म्हणाली.

रफिकासुद्धा हसली. त्या हसण्याच्या आधारानं शादलिया लमीनकडे वळली. "आणि तुझे दोन पाय सकाळी मला दिलेस ना?"

लमीन पेल्यात पाहू लागला. चिलगोजा बोटानं काढायचा प्रयत्न करू लागला.

"लमीनचं आणि माझं बोलणं झालंय," मोख्तार म्हणाला. "दुपारीच. पुढच्या दोन खोल्या त्याला हव्यात, उन्हाळ्यात पोरांना आणायला. पागा आणि घोडे माझ्याकडे. सगळे घोडे."

"तसं नाही गं, शादलिया," लमीन म्हणाला. "म्हणजे, पोरांना आपलं घर कळायला नको का? तू समजून घे. तू तर नेहमी समजून घेतेस."

ते खरं होतं. कैरवानचं स्थळ मोडलं तेव्हा तिनं समजून घेतलं. आईच्या आजारपणात धाकट्या दोघांची शिक्षणं अडू नयेत म्हणून तिची शाळा सुटली, तेही समजून घेतलं. तिच्या समजून घेण्यावर या घराच्या किती भिंती उभ्या होत्या, हे कोणी मोजलं नव्हतं.

रफिकानं पेला टेबलावर आपटला नाही, पण ठेवलाही नाही नीट. "मग मी विचारते. तेरा वर्षं त्या बाकावर थंडीत कोण बसलं? तुम्ही दोघं? द्या ना तो घोडा तिला. एक म्हातारा, चावरा, खच्ची घोडा. ना त्याचा वंश चालायचा, ना त्याला कोणी घेणार."

इतक्या वर्षांत रफिका तिच्या बाजूनं कधी बोलली नव्हती. शादलियाला तिच्याकडे पाहायचा धीर झाला नाही.

"ती का बसली ते विचार तिला," मोख्तार म्हणाला. त्याचा आवाज वर गेला नाही; खाली गेला. "विचार. खच्ची का झाला तो? कोणामुळे? या घराचा एकच घोडा होता जो डर्बी आणणार होता. तेरा मिनिटांसाठी हिनं तो घालवला. म्हणून बसते. पाप फेडायला."

हे वाक्य या घरात नवं नव्हतं. फक्त बाबा असताना ते कोणी पुरं करत नसे.

*

एकतीस डिसेंबर होता तो. घोडी महिनाभर आधीच अडली. जातिवंत घोडी, बाबांनी सगळी पुंजी घालून आणलेली, पोटात त्याच तोलाचं बीज. शर्यतीच्या साऱ्या घोड्यांचा वाढदिवस एकच, एक जानेवारी. त्या दिवशी कागदावर सगळे एकदम एक वर्षानं मोठे होतात. म्हणून शिंगरू जानेवारीत झालं तर भाग्य. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी झालं तर सहा-सात तासांत ते कागदावर वर्षाचं होतं, आणि मग जन्मभर स्वतःपेक्षा वर्षानं मोठ्या घोड्यांशी धावतं.

मगरिबची अजान पाच बाराला झाली. शिंगरू तेरा मिनिटांनी, पाच पंचविसाला, जमिनीवर पडलं. वर पश्चिमेला आभाळ अजून तांबडं होतं. त्यावरूनच बाबांनी नाव ठेवलं, शफक.

बाहेर अजून बातमी फुटली नव्हती. अंगणात घरचीच माणसं. मोख्तार तेव्हा चाळिशीच्या आतबाहेरचा, बॅटरी धरून आनंदात उभा होता. तो म्हणाला, "बाबा, अजान झाली. आपला दिवस अजानला बदलतो. ईदची रात्र ईदच्या आधी येते ना? मग ही रात्र उद्याची. एक तारीख लिहा. यात खोटं काय आहे?"

बाबा वही घेऊन उभे होते. आणि शादलियानं पाहिलं की बाबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, नीट पाहिलं, मग कोटाची बाही त्याच्यावर ओढली आणि विचारलं, "शादलिया, तुझ्या तिथून स्वयंपाकघरातलं घड्याळ दिसतंय. किती वाजलेत?"

"पाच पंचवीस."

"मग काय लिहू?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. घोडी शिंगराला चाटत होती. तिनं कधी खोटं बोलायचं नाही असं आईजवळ कबूल केलं होतं. ती म्हणाली, "नमाजचा दिवस बदललाय, बाबा. कागदाचा नाही."

बाबांनी एकतीस लिहिलं.

कागदावर तीन वर्षांचा, खरा अडीचचा, तो डर्बीत धावला. हट्ट मोख्तारचाच. शेवटून दुसरा आला, चाबकाचे वळ घेऊन. त्यानंतर तो चावू लागला. एका जॉकीच्या बोटाचं पेर गेलं तेव्हा त्याला खच्ची केलं. आणि मग, जेव्हा त्याच्याबरोबरचे थकून घरी बसले, तेव्हा त्याचं अंग भरलं. तो धावत राहिला, धावत राहिला. जणू कोणीतरी त्याचं एक वर्ष कुठं ठेवलंय ते शोधत.

*

आता त्या खोलीत शादलियाच्या ओठाशी एक वाक्य येऊन थांबलं होतं. बाबांनी घड्याळ पाहिलं होतं. एवढंच बोलायचं होतं. पण चाळिसाव्याच्या दिवशी बापाची बाही वर सारून मुलाला घड्याळ दाखवायला तिचं मन धजेना.

"मी बाबांना शब्द दिलाय," ती एवढंच म्हणाली.

"मी त्या माणसाला दिलाय," मोख्तार उठत म्हणाला. "आणि माझा माणूस जिवंत आहे."

रफिकाच्या तोंडून "या अल्ला" निघालं. लमीन बाबांच्या गादीकडे पाहून रडू लागला. शादलियानं पेले गोळा केले, धुतले, पालथे घातले, आणि मगरिबची अजान झाली तशी ती वुजूसाठी हातपाय धुवायला गेली.

*

बाकावर गार होतं. दुसरे शंभर चालू असताना कोणीतरी बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसलं. तिनं मान वळवली नाही. मणी ओढत राहिली. मोख्तार वाट पाहत राहिला. तिसरे शंभर पुरे झाले, तिनं माळ कपाळाला लावली, तेव्हा त्यानं विचारलं, "रोज एवढं?"

"रोज."

शफकनं पाठ केली होती. एक कान इकडे.

"त्या रविवारी," मोख्तार म्हणाला, "गेट उघडलं आणि हा उभा. मला वाटलं जॉकीनं ओढून धरलंय. तर नाही. नुसता उभा. मागून कोणी ओरडलं, शफककाका, नमाज पढताय का? सगळं मैदान हसलं. मी काय चुकलो? डाव्या अंगानं नेलं. सगळ्यांच्या शेवटी आत घातलं. बाबांचीच टोपी घातली होती मी."

"तू बोलला नाहीस."

"घोड्याशी काय बोलायचं असतं?"

"बाबा त्याला भाजीचे भाव सांगायचे. गुडघा कुठं दुखतो ते सांगायचे. तुझी तक्रार करायचे."

"माझी?"

"आधी कौतुक, मग तक्रार."

मोख्तारच्या नाकातून एक आवाज आला, हसण्यासारखा. शेजारच्या बागेतून नारिंगांचा वास येत होता. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "बाबांनी घड्याळ पाहिलं होतं."

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"बॅटरी मी धरली होती ना. माझ्याच उजेडात पाहिलं. आणि मग तुला विचारलं."

"तुला माहीत होतं."

"तुला?"

"हो."

"मग आज आत का नाही बोललीस?"

तिनं माळ मुठीत गोळा केली. त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. "रोज त्यांच्याच हाताखाली काम. त्यांच्यावर रागावून मी सकाळी उठलो असतो कसा? तू काही उलट बोलत नव्हतीस." तो थांबला. "तू काही बोलतच नव्हतीस."

ही त्याची क्षमायाचना होती. यापुढं तो जाणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं तिला वाटे, हे ओझं आपण एकटीनं उचललंय, आणि त्यात एक प्रकारची सोबत होती, देवाची तरी. आता कळलं की त्याच ओझ्याखाली दुसरा माणूसही होता, याच अंगणात, वीस पावलांवर, पाठ फिरवून. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नुसती तेरा वर्षं एकदम रिकामी दिसली, गाडी निघून गेल्यावर रस्ता दिसतो तशी.

"गाडी नऊला येणार," मोख्तार म्हणाला. "दिलेला शब्द मी परत घेणार नाही."

"मीही नाही."

"नऊला मी फाटकात उभा राहीन. ठाण भरलेलं असलं तर घोडा देईन. रिकामं असलं तर रिकामं दाखवीन. रिकामं ठाण दाखवायला खोटं बोलावं लागत नाही." त्यानं खिशातून फाटकाची किल्ली काढून बाकावर ठेवली, तिच्या आणि आपल्या बरोबर मध्ये. "दोर हाताला गुंडाळू नकोस. झटका दिला तर मनगट जाईल. नुसता धर."

"तू येशील?"

तो उठला. "उद्या रविवार. दुसऱ्या शर्यतीत माझी घोडी आहे."

*

पहाटेची नमाज झाली. स्वयंपाकघराच्या दारात फडक्याचं एक गाठोडं होतं, भाकरी, जैतून, दोन उकडलेली अंडी, आणि खाली रफिकाचे स्वतःचे धावायचे बूट. चिठ्ठी नव्हती. इनेसनं मात्र आदल्या रात्री भिंतीशी उभं राहून हळूच सांगितलं होतं, "आत्या, मी बसनं पुढं जाते. दुपारी हसूनाआजोबांच्या दारात असेन. त्याच्या खुरांचं मी बघेन, तुमच्या पायांचं तुम्ही." बूट एक बोटभर मोठे होते. शादलियानं पुढं कापूस घातला.

तिनं ठाणाचा अडसर काढला आणि आत शिरली. डाव्या अंगानं. शफकनं कान मागे पाडले, मान खाली घातली, दात दिसले. तिच्या तोंडून आपोआप तेच निघालं जे तेरा वर्षं याच जागी निघत होतं, फक्त आज मोठ्यानं. क्षमा मागते, क्षमा मागते, क्षमा मागते. घोड्यानं मान वर केली. इतकी वर्षं तो हा आवाज पाठमोरा ऐकत होता. आज तो वळून, जवळून तिच्याकडे पाहू लागला. त्याच्या एका डोळ्याच्या कडेला पांढरे केस आले होते. तिनं म्होरकी चढवली. तो चावला नाही. तिच्या खांद्यावर पांघरलेल्या पांढऱ्या सफसारीचं टोक मात्र त्यानं दातांत धरून एकदा ओढलं आणि सोडून दिलं.

फाटक उघडताना वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीत दिवा लागला आणि विझला. कोणाची खिडकी ते तिनं पाहिलं नाही.

रस्त्यावर धुकं होतं. चहाचं दुकान उघडत होतं. मालक खुर्च्या मांडता मांडता थबकला. हाज तिजानींची मुलगी, हातात दोर, आणि दोराला शफक. "लल्ला, सबाह अल-खैर," तो म्हणाला. "आज कोणत्या शर्यतीत आहे म्हातारा?"

"आज सुट्टी आहे त्याला," ती म्हणाली. आणि मग तिला आठवलं म्हणून म्हणाली, "आज खरा तेरा वर्षांचा झाला."

जपाचे पहिले शंभर दुकानापर्यंत संपले होते. दुसरे शंभर रुळांपर्यंत. तिसरे शंभर संपता संपता तिठा आला. डावीकडे मैदान. एकशे बारा रविवार तो इथून डावीकडे वळला होता. शफक थांबला. डावीकडे तोंड करून उभा राहिला आणि वाट पाहू लागला.

तिचा नेम पुरा झाला होता. म्हणायला काही उरलं नव्हतं. ती गप्प झाली, आणि घोड्याचे दोन्ही कान ताठ झाले. दोर तिच्या हातात होता, गुंडाळलेला नाही. ओढून काही उपयोग नव्हता. आयुष्यभर ती लोकांचं ऐकत आली होती. स्वतःहून सांगायचं कसं ते तिला येत नव्हतं.

"मटार महागलेत," ती म्हणाली.

एक कान हलला.

"मटार महागलेत, आणि रफिकानं काल मीठ जास्त घातलं होतं, पण मी बोलले नाही. मला हे बूट मोठे होतात." तिनं एक पाऊल सरळ पुढं टाकलं. "त्या दिवशी पाच पंचवीस झाले होते. मी ते बदलू शकत नव्हते, शफक. पण नंतर इतकी वर्षं तुझ्या ठाणात येऊन बसायला हवं होतं, दाराबाहेर नाही. ते मात्र माझं चुकलं. ऐकतोयस ना? कैरवानचं एक स्थळ आलं होतं मला, ते तुला कोणी सांगितलं नसेल…"

दोर सैल झाला. मागून खुरांचा आवाज आला, एक, मग दुसरा, आणि मग तो तिच्या उजव्या खांद्याशी आला. मेजर्दा नदीच्या बाजूनं उजाडत होतं. ती सांगत राहिली.